तोंड आलंय? मलम लावण्याआधी नीट बघा

‘तोंड आलंय’ असं आपण निरनिराळ्या दुखण्यांना म्हणतो आणि घरात असलेलं एकच मलम सगळ्यांवर लावतो. साध्या व्रणाला आराम देणारं स्टेरॉइडचं मलम बुरशीवर किंवा विषाणूच्या फोडांवर लावलं, तर संसर्ग उलट बळावतो.

म्हणून आधी हात धुवा, आरशासमोर उभे राहा, मोबाइलचा टॉर्च लावा. कवळी असेल तर काढा. ओठ, गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघा. ही शेवटची जागा बहुतेक जण विसरतात.

पांढरा थर दिसला, तर ओल्या स्वच्छ गॉजनं हलकेच पुसा. थर निघून खाली लाल जागा उघडी पडली, तर बहुधा ती कॅन्डिडा बुरशी. ती निरोगी तोंडातही असते. प्रतिजैविकांनी तिथले जिवाणू मेले, साखर वाढलेली राहिली किंवा लाळ कमी झाली, की फोफावते. बुरशीवरचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेत असाल, तर दरवेळी नंतर चूळ भरून थुंका. कवळी रोज घासा आणि रात्री काढून ठेवा. पुसून न निघणारा चट्टा दुखत नसला, तरी दंतवैद्याला दाखवाच.

ओठाच्या कडेला आधी चुणचुण आणि मग पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुपका आला, तर तो हर्पिस. हा विषाणू मज्जातंतूत जन्मभर दबा धरून राहतो. ताप, कडक ऊन, ताण यांनी पुन्हा जागा होतो. असायक्लोव्हिर मलम चुणचुण जाणवताच लावलं तर उपयोगी. खपली धरल्यावर त्याचा फारसा फायदा नाही. फोडाला हात लागला तर डोळ्यांना लावू नका. आणि कळकळीनं सांगते, फोड असेपर्यंत तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नका. नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

गालाच्या किंवा ओठाच्या आत लाल कडेचा पिवळसर व्रण असेल, तर तो संसर्गजन्य नसतो. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. एक-दोन आठवड्यांत भरतो. वारंवार होत असेल, तर लोह आणि बी-१२ तपासून घ्या.

लहान मुलाला ताप, तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ असेल, तर आजार विषाणूचा असतो. प्रतिजैविक काम करत नाही. थंड पातळ पदार्थ घोट-घोट पाजत राहा, अ‍ॅस्पिरिन देऊ नका. लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास: यात गुळण्यांवर वेळ घालवू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

बाकी कुठलाही व्रण दिसला, की ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन आठवड्यांनंतरही तो तिथेच असेल, तर दुखत नसला तरी तपासून घ्या.