जुन्या हार्ड डिस्कमधलं बिटकॉइन वॉलेट शोधताय? आधी या चुका टाळा

बिटकॉइनचा भाव वर गेला की मला फोन यायला लागतात. "दादा, 2013 ला हॉस्टेलवर थोडं मायनिंग केलेलं, तो पीसी माळ्यावर पडलाय, बघतोस का?" बघतो ना, का नाही बघणार. (मायनिंग म्हणजे पीसीला गणितं करायला लावून बिटकॉइन मिळवणं, आणि वॉलेट म्हणजे ते खर्च करायच्या गुप्त चाव्या, म्हणजे "की", ठेवणारी फाइल.) पण माझ्या हातात येईपर्यंत लोकांनी स्वतःच त्या डिस्कची जी वाट लावलेली असते त्याचा आता वैताग आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना पीसी "चालू होतो का बघू" म्हणून चालू करणं. फाइल डिलीट झाली किंवा विंडोज परत टाकलं म्हणजे डेटा लगेच पुसला जात नाही, सातबाऱ्यावरून फक्त नाव निघालेलं असतं, जमीन तिथेच असते. त्यावर दुसऱ्या कुणी घर बांधलं की मग संपलं. आणि विंडोज चालू केलं की ते लगेच बांधकाम काढतं, अपडेट काय, पेजफाइल काय, टेम्प फाइल्स काय, तुम्ही माउसला हात लावायच्या आधीच लिखाण सुरू.

साताऱ्याच्या मित्राचा मावसभाऊ. 320 जीबीची डिस्क, 2013 मधे वॉलेट होतं, 2015 मधे कुणीतरी विंडोज परत टाकलं. म्हणजे चान्स होता, चांगला चान्स होता. या पठ्ठ्याने काय केलं, पीसी चालू केला, वायफाय जोडलं आणि त्याच डिस्कवर बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर) डाउनलोड करून इन्स्टॉल केलं, कारण "ॲप टाकलं की बॅलन्स दिसेल" असं कुणीतरी सांगितलेलं. कोअर उघडल्यावर सिंक सुरू होतं, म्हणजे 2009 पासूनचे सगळे व्यवहार डाउनलोड. पूर्ण ब्लॉकचेन, म्हणजे या सगळ्या व्यवहारांची वही, आता 600 जीबीच्या वर आहे, मावत नाही म्हणून सॉफ्टवेअरने प्रून मोड (जुने ब्लॉक पुसत जायचे, थोडेच ठेवायचे) सुचवला, याने हो म्हटलं आणि झोपला. मला म्हणतो, "अरे पण प्रूनमधे थोडीच जागा घेतं ना." थोडी जागा घेतं म्हणजे ते लिहितं, पुसतं, परत लिहितं, प्रत्येक ब्लॉक फाइल 128 एमबीपर्यंतची, शिवाय चेनस्टेट, म्हणजे न खर्चलेल्या नाण्यांची नोंद, वेगळं. तीन रात्री हे चाललं. मी डिस्क उघडली तर रिकाम्या जागेत नुसत्या बीएलकेच्या, म्हणजे त्या ब्लॉकच्याच, फाइल्सचे तुकडे. दोन आठवडे स्कॅन केलं, एक की सापडली नाही. त्याला मी अजून पूर्ण खरं सांगितलेलं नाही, "डिस्क खराब होती" एवढंच म्हटलंय.

वेल्समधल्या न्यूपोर्टचा जेम्स हॉवेल्स माहितीये ना, 2013 मधे सुमारे 8000 बिटकॉइनची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली, डेपो खणू द्या म्हणून कोर्टात गेला आणि जानेवारी 2025 मधे कोर्टाने दावा फेटाळला. त्याची डिस्क कचऱ्याखाली आहे, तुमची हातात आहे, मग घाई कसली?

माझी सवय सांगतो. डिस्क पीसीतून काढायची, तिच्यावर लाल टेप लावायची (घरचे जोडून बघतात म्हणून), यूएसबी ॲडॅप्टरला लावायची. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा पॉवर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही आणि लोक म्हणतात मेली. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं), डिस्क माउंट करायची नाही, म्हणजे तिचे फोल्डर उघडायचे नाहीत, डीडीरेस्क्यू या कॉपी करायच्या टूलने दुसऱ्या मोठ्या डिस्कवर पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची रिकाम्या जागेसकट हुबेहूब नक्कल, आणि कुठपर्यंत झालं ते लिहिणारी मॅप फाइल. मॅप फाइल असली की मधेच लाइट गेली तरी परत शून्यापासून नाही. यानंतर सगळे प्रयोग इमेजच्या कॉपीवर. रात्रभर लागेल, लागू दे. ज्याला एक रात्र थांबवत नाही त्याने माझ्याकडे येऊच नये.

विंडोजला जोडलीच आणि त्याने विचारलं "फॉरमॅट करायचं का" किंवा "स्कॅन अँड फिक्स", तर नाही म्हणा. चेकडिस्क डिस्कवर लिहितं.

टक टक आवाज येतोय? बंद करा, परत लावू नका, प्रोफेशनलकडे द्या. फ्रीझरमधे ठेवायचा सल्ला देणाऱ्याला ब्लॉक करा. दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून लावणारेही तेच, बोर्डवरच्या रॉम चिपमधे त्या-त्या डिस्कची सेटिंग असतात. एसएसडी असेल आणि ट्रिम (डिलीट केलेली जागा एसएसडी स्वतःच साफ करते ती सोय) चालू होतं तर डिलीट झालेल्याची आशा फार ठेवू नका.

दुसरी माझी लाडकी चूक, सर्चमधे "वॉलेट.डॅट" (कोअरच्या वॉलेट फाइलचं नाव) टाइप करायचं, काही नाही आलं की "गेलं सगळं". अरे, ती फाइल ज्यात असते ते ॲपडेटा फोल्डर हिडन असतं, एक्सपीवर तर जागाच वेगळी, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमधे. विंडोज फॉरमॅट न करता परत टाकलं असेल तर विंडोज.ओल्ड बघा. रीसायकल बिनमधे फाइलचं नाव बदलतं, विस्टापासून पुढे डॉलर-आर आणि पुढे सहा अक्षरं, एक्सपीवर डीसी1 वगैरे. कोअरऐवजी इलेक्ट्रम हे वॉलेट ॲप वापरत असाल तर फाइलचं नाव डीफॉल्ट_वॉलेट, मल्टीबिट ॲपचं एक्स्टेन्शनच वेगळं. आणि नावावर जाऊच नका, मी इमेजमधे सरळ "डीफॉल्टकी" आणि "एमकी" हे शब्द शोधतो, जुन्या वॉलेटच्या पोटात ते तसेच लिहिलेले असतात. एमकी दिसलं म्हणजे पासवर्ड आहे. फाइल तुकड्यातच असेल तर पायवॉलेट या टूलचा रिकव्हर ऑप्शन इमेजवर लावा.

सापडलेली फाइल कुठल्याही "वॉलेट चेकर" साइटवर टाकू नका, आधी फी मागणाऱ्या रिकव्हरी एक्स्पर्टलाही नको. बॅलन्स बघायला सिंकही लागत नाही, पासवर्ड असला तरी वॉलेटमधे ॲड्रेस उघडेच असतात, 1 ने सुरू होणारे, ते ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ॲड्रेसचा बॅलन्स दाखवणाऱ्या साइटवर टाका. रिकामं निघालं तर पासवर्डमागे महिने घालवायची गरजच नाही. आणि बिटकॉइन कोअरच्या 30 व्या व्हर्जनपासून जुनं वॉलेट थेट उघडत नाही, मायग्रेट, म्हणजे नव्या प्रकारात बदलून घ्यावं लागतं, अर्थात कॉपीवरच.

पासवर्डचे अंदाज डोक्यात नको, वहीत लिहा. नाशिकच्या एकाला रीसायकल बिनमधून फाइल मिळाली, तर ते निघालं डोजकॉइन या दुसऱ्याच नाण्याचं वॉलेट, कारण डोजचं नावही वॉलेट.डॅटच. पासवर्ड आठवेना. मी त्याला म्हटलं, 2014 मधे तू कोण होतास ते लिही, गाडीचा नंबर, रूम नंबर, मेस, जिच्यावर लाइन मारायचास ती. तो लाजत लाजत दीड पान लिहून घेऊन आला, ते बीटीसीरिकव्हर या पासवर्ड शोधायच्या टूलच्या टोकन लिस्टमधे (ज्यातले शब्द ते जोडून जोडून बघतं) टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. मेसवाल्या काकूंचं नाव आणि उधारीचा आकडा होता.