'हे तर कुणालाही सुचलं असतं': पेटंटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पेटंटच्या कामात कुणी नवीन आलं की मी आधी १९७८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला देते: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. खटला मिर्झापूरच्या भांड्यांचा. उथळ थाळ्या लेथवर तासताना, पॉलिश करताना हेडस्टॉकला (लेथच्या फिरवणाऱ्या टोकाला) सिमेंटने चिकटवत किंवा चकच्या (तिथल्या पकडीच्या) जबड्यात धरत. फिरता फिरता थाळी सुटून उडायची, कामगाराला लागायची भीती असायची, कामही रेंगाळायचं. पेटंटधारकाने समोरून टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा) दाब देऊन थाळी पक्की धरली. वेग वाढला, फिनिश सुधारलं, धोका कमी झाला. तरी पेटंट रद्दच झालं! टेलस्टॉक लेथवाल्यांना आधीपासून माहीत होता, त्यामुळे ही वर्कशॉपमधली साधी सुधारणा ठरली.

नव्यांना हे पटायला वेळ लागतो. 'पण फायदा झाला ना?' असं ते हमखास विचारतात. फायदा झाला, पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)मध्ये 'इन्व्हेंटिव्ह स्टेप'साठी, म्हणजे शोधातल्या कल्पकतेसाठी, तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागितलंय, आणि शिवाय त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती गोष्ट उघड वाटता कामा नये. हा जाणकार म्हणजे कुणी प्रतिभावंत नव्हे आणि नवखा हेल्परही नव्हे. त्याला आपल्या धंद्यातलं सगळं ठाऊक असतं, कल्पनाशक्ती मात्र बेताची.

खरा शत्रू पश्चातबुद्धी. उत्तर वाचलं की प्रत्येक शोध सोपा दिसतो. म्हणून फाइल उघडल्यावर मी आधी प्रायॉरिटी डेट (ज्या तारखेच्या ज्ञानावर शोध पारखायचा ती) लिहून ठेवते, मग शोध सोडवतो ती अडचण फक्त वाचते, मग डी-वन, म्हणजे परीक्षकाने पुढे केलेला पहिला जुना दस्तऐवज. क्लेम, म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क सांगतो ते, सगळ्यात शेवटी. पेटंट कार्यालयाचा परीक्षक 'डी-वन अधिक डी-टू (दुसरा जुना दस्तऐवज), म्हणून उघड' म्हणतो तेव्हा विचारायचं: डी-वन हातात असलेल्या माणसाने त्या तारखेला डी-टूकडे का वळावं? अडचण तीच होती का? की डी-वनच त्या वाटेने जाऊ नका म्हणतो? रोश विरुद्ध सिप्ला या २०१५च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने यासाठी पाच पायऱ्या दिल्या आहेत. त्या पाठच करा.

'अनपेक्षित परिणाम' असं नुसतं लिहून परीक्षक ऐकत नाही. डी-वनशी तुलना करणारे आकडे लागतात. परीक्षकाच्या आक्षेपांच्या पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने असतात, पण प्रयोग पुन्हा करायचा तर ते अपुरे पडतात. अहवाल आला त्याच आठवड्यात संशोधकाकडे आकडे मागा.