इस्रायलमधला पहिला पेसाह: मसाल्याच्या डब्यापासून सुरुवात करा

पुरीमचा सण झाला की महिन्यावर पेसाह, आपला बेखमीर भाकरीचा सण येतो. अश्दोदला आमच्या इमारतीत लगेच गाद्या-गालिचे बाल्कनीच्या कठड्यावर दिसू लागतात आणि मुंबई-ठाणे-अलिबागहून नव्याने आलेल्या आपल्या बेने इस्राएल (मराठी यहुदी) घरांतून मला फोन सुरू होतात. "मावशी, आपणही हे सगळं करायचं का? खिडक्या, पडदे, माळा?"

नाही. घालवायचा आहे तो हमेत्स, म्हणजे सणात वर्ज्य असलेला धान्यपदार्थ, धूळ नव्हे. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी कुठल्याही धान्याच्या पिठाला पाणी लागलं आणि ते १८ मिनिटं तसंच राहिलं, की हमेत्स झाला. जिथे कधी खाणं जात नाही तिथे झाडू मारायची सक्ती नाही. मुलांची दप्तरं, कोटाचे खिसे, सोफ्याच्या फटी आणि गाडी मात्र झटकून घ्या.

आता स्वयंपाकघर. रवा, शेवया, पाव बाजूला काढायचा हे सगळ्यांना कळतं. फसवतो तो हिंग. आपण गावाहून प्रेमाने आणतो त्या बहुतेक हिंगपुड्यांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तोच हिंग गोड्या मसाल्यात, लोणच्यात, पापडात जातो. म्हणून मसाल्याचा डबा रिकामा करून धुवा आणि सणापुरते धने-जिरे-मिरची नव्याने, निवडून कुटून घ्या. आपले जुने लोक कोकणात या सणाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणायचे. आंबट कालवणाचं भांडं सणाचे दिवस झाकून ठेवायचं, म्हणून ते नाव. डबा बंद करायची आपली सवय जुनीच आहे.

भांड्यांचं शास्त्र एका वाक्यात असं: भांड्यात हमेत्स जसा शिरला तसाच तो निघतो. रस्सा शिजवायचं स्टीलचं पातेलं स्वच्छ घासून २४ तास कोरडं ठेवायचं आणि उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून गार पाण्यातून काढायचं. याला हगाला म्हणतात. सणाआधी गावागावांत धार्मिक मंडळं मोठी पातेली उकळत ठेवतात, तिथे भांडी नेता येतात. पोळ्यांचा तवा थेट आगीवर तापलेला असतो. त्याला उकळतं पाणी पुरत नाही, तो तापवून लाल करावा लागतो. त्यापेक्षा सणासाठी दुसरा तवा घ्या. मातीची भांडी शुद्ध होत नाहीत. कुकरची रबरी रिंग नवीन घाला. पोळपाट-लाटण्याच्या भेगांत कणीक बसलेली असते, म्हणून ते टोस्टरबरोबर सरळ कपाटात जाऊ दे.

त्या कपाटाला टेप लावायची आणि आतला हमेत्स विकायचा. सिनगॉगमध्ये (प्रार्थनाघरात) रब्बींकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, एक कागद असतो. त्यावर सही केली की ते तुमच्या वतीने तो यहुदी नसलेल्या माणसाला विकतात. हे नाटक समजू नका. सणात यहुद्याच्या मालकीचा राहिलेला हमेत्स नंतरही खाता येत नाही.

तांदळाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. माझ्या पहिल्या वर्षी शेजारच्या बाईंनी माझ्या ओट्यावर तांदूळ पाहून कपाळाला हात लावला. मी घाबरून पाच किलो तांदूळ वाटून टाकला, आणि सासूबाईंनी सात दिवस बटाट्यावर काढले. तांदूळ-डाळी, म्हणजे कितनियोत, न खाणं हा अश्केनाझी, म्हणजे युरोपाकडच्या यहुद्यांचा, रिवाज आहे. आपण बेने इस्राएल पेसाहला भात खात आलोय. १८७४ साली पुण्यात मराठी हगादा (सणाच्या पहिल्या रात्री वाचायची पोथी) छापला गेला. त्यातल्या चित्रांत मात्सा (बेखमीर भाकरी) करणाऱ्या बायका साडीत आहेत. आपल्याकडे पेसाह नीट पाळला जात नव्हता असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. दुकानात पाकिटावर 'लेओख्ले कितनियोत', म्हणजे कितनियोत खाणाऱ्यांसाठी, असं लिहिलेलं असतं. ते आपलं पाकीट. अश्केनाझी पाहुणा येणार असेल तर मात्र त्याच्यासाठी वेगळं करा, तो त्याचा मान.

तांदूळ निवडायचा तो तीनदा. दिवसाउजेडी, पांढरी चादर अंथरून, मूठमूठ पसरत. मागच्या वर्षी दोनदा निवडून झाल्यावर तिसऱ्या खेपेला मला गव्हाचा एक दाणा सापडला, तांदळाइतकाच लांब, फक्त पोटावर रेघ. नातवाला तो तळहातावर ठेवून दाखवला.

सेदेर म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीचं विधीचं जेवण. त्याच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन घरात हमेत्स शोधायचा. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून आधीच लपवतात. कुठे ठेवले ते लिहून ठेवा, नाहीतर सण संपल्यावर सापडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाळायचे. खायची वेळ त्याही आधी संपते. दोन्ही वेळा गावागणिक वेगळ्या असतात, सिनगॉगच्या फळ्यावर बघा. थोरल्या मुलाचा त्या दिवशी उपास असतो.

मुंबईत आपण दोन सेदेर आणि आठ दिवस पाळायचो. इथे स्थायिक झालात की एकच सेदेर आणि सात दिवस. पहिल्या वर्षी चुकल्यासारखं वाटतं. सेदेरला प्यायच्या चार प्याल्यांसाठी द्राक्षाचा रस दुकानात मिळतो, पण मी अजून काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करते. खजुराचा शिरा, म्हणजे पाक, तोही घरचाच. मारोरला, म्हणजे सेदेरच्या कडू भाजीला, इथे लेट्यूसची पानं चालतात, फक्त किडे बघून धुवा.

सातवा दिवस मावळला की टेप ओढायची घाई करू नका. रब्बींनी हमेत्स परत विकत घेईपर्यंत तासभर थांबा. तोवर मोरोक्कन शेजाऱ्यांकडे मिमुनाची, म्हणजे पेसाह संपल्याच्या त्यांच्या सणाची, दारं उघडलेली असतात. बोलावणं नसलं तरी जा. मध-लोण्याची गरम मुफलेता (पातळ पोळी) हातात ठेवतील, आणि तुमचं पोळपाट दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं तरी चालेल.