कॉन्फरन्सला टीम नेताना

मोठ्या टेक कॉन्फरन्सला अख्खी टीम एकाच सत्रात ओळीने बसवू नका. बहुतेक भाषणं नंतर व्हिडिओवर बघायला मिळतात; वर्कशॉप आणि कंपन्यांच्या स्टॉलवरच्या इंजिनिअरशी होणारं बोलणं मात्र मिळत नाही. वेळ तिकडे द्या. वर्कशॉपच्या जागा मोजक्या, बऱ्याचदा नोंदणीही वेगळी; ती आधी उरका. स्टॉलवर ‘आमचं फार स्लो चालतं हो’ एवढ्याने भागत नाही. नेमका एरर, व्हर्जन नंबर आणि बग पुन्हा घडवून दाखवणारा दहा-वीस ओळींचा कोड लॅपटॉपवरच ठेवा, हॉलमधल्या वायफायचा काही भरवसा नसतो. आणि त्या दिवसांत ऑन-कॉल कोण, म्हणजे सिस्टिम बिघडली तर लगेच कोण बघणार, हे तिकिटं काढण्याआधीच ठरवा. नाहीतर कीनोट, म्हणजे मुख्य भाषण, सोडून कुणीतरी जिन्यात बसून प्रॉडक्शन (ग्राहक वापरत असलेली चालू सिस्टिम) सावरत राहतं.