निळा गणवेश दिसला की आधी पाठ वाचा

फ्रँकफुर्टला येऊन मला अकरा वर्षं झाली. नवीन आलेली मुलं-मुली अजूनही घाबरून फोन करतात, "ताई, पोलीस आमच्या गाडीच्या काचेवर पार्किंगच्या दंडाची चिठ्ठी लावून गेले. व्हिसाला काही होईल का?" पार्किंगच्या चिठ्ठीने व्हिसाला काही होत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला: त्यांच्या पाठीवर काय लिहिलं होतं?

जर्मनीत पोलीस हे राज्याचं खातं. १६ राज्यं, १६ दलं; शिवाय रेल्वे स्टेशनं, विमानतळ आणि सरहद्दीसाठी केंद्राची बुंडेसपोलित्साय. (हा 'त्सा' म्हणजे आपल्या चमच्यातला 'चा'.) पूर्वी काही शहरांचे स्वतःचे पोलीस होते. शेवटचं दल म्युनिकचं, तेही १९७५ मध्ये राज्यात विलीन झालं. आता पालिकेकडे उरलंय ते ओर्डनुंग्सआम्ट, म्हणजे सुव्यवस्था खातं: पार्किंग, गोंगाट, कचरा, मोकाट सोडलेली कुत्री. बर्लिन-कोलोनला पाठीवर तेच नाव दिसतं. आमच्या हेसन राज्यात मात्र पालिकेच्याच माणसांच्या पाठीवर 'श्टाटपोलित्साय', म्हणजे 'नगर पोलीस' असं लिहिलेलं असतं. मग माणूस गोंधळणार नाही तर काय!

चोरी, मारामारी, अपघात असेल तर ११० फिरवा. आग किंवा ॲम्ब्युलन्ससाठी ११२. शेजारी रात्री दहानंतर गाणी लावून बसला असेल तर आधी त्याचं दार वाजवा, नाही ऐकलं तर पालिकेला फोन करा. त्या वेळी तिथे कुणी ड्युटीवर नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्याला. ११० त्यासाठी नाही. आणि गणपतीत आपल्याच आरतीवरून दुसऱ्या कुणी फोन करू नये म्हणून झांजा दहाच्या आत पिशवीत.

आता आमचीच फजिती सांगते. एका छोट्या गावात तासभर फुकट पार्किंग होतं, फक्त काचेमागे निळी पार्किंग डिस्क, म्हणजे पोचल्याची वेळ दाखवणारी घड्याळासारखी चकती लावायची. आम्ही १०:१० ला पोचलो. नवऱ्याने प्रामाणिकपणे काटा १०:१० वर ठेवला. ११:२० ला परत येतो तर वायपरखाली चिठ्ठी, २० युरो! नियम असा, की काटा पोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा. म्हणजे १०:३०. तसा लावला असता तर ११:३० पर्यंत मुभा होती. कायदा स्वतःहून वीस मिनिटं देत होता आणि आम्ही ती साभार परत केली.

चिठ्ठी मिळाली तर ५५ युरोपर्यंतची रक्कम ही नुसती ताकीद असते. आठवड्याच्या आत भरा, विषय मिटला. बँकेत पैसे पाठवताना आक्टेनत्सायशेन, म्हणजे त्यांचा केस नंबर, अक्षर न अक्षर तसाच टाका. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकून विसरलात तर दंडाचा रीतसर आदेश येतो. त्यावर २५ युरो फी आणि ३.५० टपालाचे, म्हणजे आमच्या २० चे ४८.५० झाले असते. आदेश चुकीचा वाटला तर हातात पडल्यापासून दोन आठवड्यांत लेखी हरकत घ्या.

रस्त्यात थांबवलं तर नाव, जन्मतारीख, पत्ता खरा सांगायचा. खोटं नाव सांगितलं तर त्याचा दंड वेगळा. बाकी काय घडलं ते सांगायची सक्ती नाही. आणि 'झी' (तुम्ही) म्हणायचं, 'डू' (तू) नाही. आपण हवालदाराला "अरे ए" म्हणतो का?

हे सगळं जर्मनीपुरतं. व्हिएन्नात पोलीस केंद्राचे, नंबर १३३; पण ऑस्ट्रियातल्याच ब्रेगेन्झ, किट्झब्यूल अशा गावांचे स्वतःचे नगर पोलीस आहेत. माझी मैत्रीण झ्युरिकला निघाली तेव्हा बजावून सांगितलं, की तिथे पाठीवर 'श्टाटपोलित्साय' दिसलं तर "पार्किंगवालेच ना" म्हणून खांदे उडवू नकोस. झ्युरिकचे नगर पोलीस पूर्ण पोलीस आहेत. ११७ फिरवल्यावर शहरात तेच येतात, गुन्ह्याचा तपासही करतात, आणि तलावात गस्त घालणारी बोटही त्यांचीच.