आई-बाबांना घेऊन नॉकनरे चढायचाय? आधी हे भरून ठेवा

नॉकनरेची उंची 327 मीटर. दर रविवारी सिंहगड करणाऱ्या पुणेकराला हा आकडा सांगितला की तो म्हणतो, "एवढंच? मग चपला चालतील." माझे बाबाही तेच म्हणाले होते. पण हा डोंगर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्लायगोजवळ, अटलांटिकला अगदी लागून उभा आहे. समुद्रावरून निघालेल्या वाऱ्याला माथ्यापर्यंत अडवणारं काही नाही. म्हणून तयारी करायची ती वाऱ्याची आणि ओलीची. चढ पाऊण-एक तासाचा आहे, साठीतली माणसं थांबत थांबत आरामात जातात.

आदल्या रात्री मेट एरनचा, म्हणजे आयर्लंडच्या हवामान खात्याचा, तासातासाचा अंदाज बघा, आणि पावसाच्या आधी वाऱ्याचा आकडा बघा. इथे पश्चिमेकडच्या काही भागांत वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस पावसाचे असतात, त्यामुळे कोरड्या दिवसाची वाट बघत बसलात तर आई-बाबांचा व्हिसा संपेल. भुरभुर असली तरी निघावं. सोसाट्याचा वारा किंवा माथ्यावर बसलेला ढग असेल तर मात्र बेत बदला आणि स्ट्रँडहिलच्या किनाऱ्यावर फिरा. तिथेही पाण्यात उतरू नका, ओढ वाईट आहे आणि पोहायला मनाई आहे.

अंधार किती वाजता पडतो तेही आधीच बघून ठेवा. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात सव्वाचारलाच सूर्य बुडतो. हिवाळ्यात सकाळीच चढायला लागावं, आणि मोबाइलच्या टॉर्चवर भिस्त न ठेवता डोक्याला लावायची बॅटरी पिशवीत टाकावी.

आता कपडे. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळा घोळ इथेच होतो. सुती बनियन, सुती शर्ट, जीन्स हे तिन्ही घरी ठेवा. सुती कापड घामाने भिजतं, पावसाने भिजतं आणि वाळत नाही. बाबांचा शर्ट अर्ध्या वाटेत पाठीला चिकटला. चढताना त्यांना उकडत होतं, पण माथ्यावर पाच मिनिटं थांबले आणि दात वाजायला लागले. ऑगस्ट महिना होता. अंगालगत व्यायामाचा पातळ सिंथेटिक टी-शर्ट, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर आणि सगळ्यात वर टोपी असलेलं खरोखरीचं वॉटरप्रूफ जॅकेट, असे तीन थर हवेत. चढताना स्वेटर काढून पिशवीत, थांबलं की लगेच अंगात. आपल्याकडून आणलेला विंडचीटर इथल्या पावसात अर्ध्या तासात आतून ओला होतो. छत्री गाडीतच राहू द्या, वारा तिचा सांगाडा करतो. कानटोपी आणि हातमोजे बारा महिने न्यावेत. आईची विणलेली कानटोपी असेल तर तीच उत्तम.

बूट घोट्याच्या वर येणारे नसले तरी चालतील, पण तळव्याला खोल खाचा हव्यात. उतरताना ओल्या गवतावर आणि गुळगुळीत चुनखडीवर टाच सरकते. गुडघे दुखणाऱ्यांना एक काठी द्याच, तिचा खरा उपयोग उतरतानाच होतो. मोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा.

वर पाणी नाही, टपरी नाही. माणशी अर्धा लिटर पाणी, थर्मासमध्ये आल्याचा चहा, आणि थंड झाले तरी चांगले लागणारे धपाटे किंवा दशम्या. शेंगदाण्याची चिक्की खिशात असू द्या, म्हणजे पिशवी न उघडता तोंडात टाकता येते. आई-बाबांच्या रोजच्या गोळ्या गाडीत न ठेवता बरोबर घ्या. मोबाइल पूर्ण चार्ज केलेला असावा. काही झालंच तर 112 किंवा 999 लावून माउंटन रेस्क्यू मागायचं, हे सगळ्यांना माहीत असू द्या.

माथ्यावरून उतरायच्या वाटा दोन आहेत. एक मुख्य वाहनतळाकडे जाते, दुसरी स्ट्रँडहिलच्या बाजूने, झाडीतल्या लाकडी पायऱ्यांवरून. गेल्या वर्षी धुक्यात आम्ही दुसरी धरली. पायाखाली लाकूड लागलं तेव्हा आईच म्हणाली, "अरे, येताना हे नव्हतं." गाडी डोंगराच्या पलीकडे राहिली होती. म्हणून माथ्यावर पोचताच मागे वळून आपल्या वाटेचा फोटो काढा, आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

माथ्यावर जी दगडांची प्रचंड रास दिसते, तिच्याविषयी घरीच बोलून घ्या. अंदाजे 55 मीटर रुंद, 10 मीटर उंच. लोक तिला मेव्ह राणीची समाधी म्हणतात. कॉनाक्ट या पश्चिमेकडच्या प्रांताची ही राणी शत्रूकडे तोंड करून उभीच पुरली आहे, अशी दंतकथा आहे. रास मात्र दंतकथेहून जुनी, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. आतमध्ये दगडी बोळाचं थडगं असावं असं मानतात, पण ती आजवर उत्खननासाठी उघडलेली नाही. स्लायगोतल्या अशा थडग्यांचा परिसर 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. लोक तिच्यावर चढतात, दगड घरंगळतात, रास झिजते. आपण चढायचं नाही. मुलांनाही चढू द्यायचं नाही आणि तिथला एकही दगड खिशात घालायचा नाही. आपल्या गडावरच्या समाधीवर कुणी पाय दिला तर आपल्याला जे वाटतं, तेच इथल्या माणसाला वाटतं. वाऱ्याच्या उलट्या बाजूला राशीच्या आडोशाला बसा. धुकं नसेल तर उत्तरेला बेन बल्बेन डोंगराचा सपाट माथा दिसेल. चहा तिथेच प्यावा.

वाटेत मेंढ्या असतील तर त्यांच्यातून घुसू नका, आणि फाटक बंद होतं तर मागे बंद करून घ्या.

गाडीत प्रत्येकाचा कोरडा जोड, टॉवेल आणि चपला ठेवा, पण झाकून, बाहेरून पिशव्या दिसणार नाहीत अशा. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि रात्री झोपताना ते एकदा बदला. हीटरवर बूट ठेवू नका, तळवा सुटतो.