गरी टाकून मासे धरणाऱ्यांच्या क्लबात नवीन माणसं कशी आणायची, आमच्या नागपूरच्या अनुभवावरून

दोन वर्षांपूर्वी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माणसं होती 52 आणि रविवारी पहाटे पाण्यावर यायचे 7, त्यातला सगळ्यात लहान 45 वर्षांचा. बाकीचे ग्रुपवर नुसता लाइकचा अंगठा टाकायचे. आता महिन्याला दोन-तीन नवीन लोक येतात आणि त्यातले निम्मे तरी टिकतात, तर बाकीच्या गावांतल्या गरीवाल्यांना उपयोग होईल म्हणून काय काय केलं ते लिहून काढतोय.

आधी आम्ही काय चुकत होतो ते सांगतो. आम्ही फोटो टाकायचो. आठ किलोची कटला मासळी छातीशी धरून, गॉगल लावून, दोन्ही हात पुढं. फोटो बघणारा वा वा म्हणतो आणि मनात ठरवतो की हे काही आपल्याला जमणार नाही, हे लोक पोचलेले आहेत. त्यातूनही कोणी हिंमत करून विचारलंच की भाऊ कुठं लागला, तर आमचे लोक गप्प, कारण प्रत्येकाची जागा गुपित. आता मला सांगा, ज्या घरात पाहुण्याला बस म्हणत नाहीत तिथं दुसऱ्यांदा कोण जाईल?

दुसरी गोष्ट दारू. हे स्पष्टच बोलतो, कारण सगळ्यात जास्त माणसं यानंच तुटतात. आपल्याकडं मासे धरायला चाललो म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर पार्टीच येते, आणि तो समज काही हवेतून आलेला नाही. आम्ही एक नियम केला, पाण्यावर बाटली दिसली की तो माणूस त्या दिवशी घरी, मग तो कितीही जुना असो. दोन जुने मेंबर रुसून गेले. वाईट वाटलं, पण त्यानंतर सहा महिन्यांत लोक बायको-पोरांना घेऊन यायला लागले.

आता नवीन माणूस असतो कोण? आमच्याकडं एक मोठा गट निघाला तो कॉलेजच्या पोरांचा, जे रात्रभर यूट्यूबवर अमेरिकेतले बास धरायचे व्हिडिओ बघतात. त्यांना रीळ (दोरा गुंडाळायची चकरी), लूअर (खोटं आमिष), सगळी नावं पाठ, पण आयुष्यात पाण्यात गरी टाकलेली नाही. ते येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, काका इथं बास कुठं मिळतो? बास इथं नाही, तो उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांचा मासा. पण त्याला एवढंच सांगून परत पाठवू नका. त्याला मरळ दाखवा. मरळ पण बाससारखंच करते, गवताच्या किंवा कमळाच्या पानाच्या आडोशाला दबा धरून बसते आणि वरून बेडूक गेला की धाडकन उडी. त्या व्हिडिओतला रबरी बेडूक इथं मरळीला जसाच्या तसा चालतो. शिवाय मरळ हवेतला श्वास घेते, त्यासाठी तिला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं, म्हणून ती कुठं आहे ते काठावर शांत बसलं तर दिसतं, पाण्यावर एक बारीक गुळुप होतं. हे गुळुप एकदा दाखवलं की पोरगं मोबाईल खिशात ठेवतं, मी स्वतः बघितलंय.

बासवरून आठवलं. अमेरिकेत हे क्लबांचं एवढं मोठं जाळं उभं केलं ते रे स्कॉट नावाच्या माणसानं, आणि तो मुळात विमा विकणारा होता. 1967 साली त्यानं आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली स्पर्धा भरवली, 106 जण आले, प्रत्येकी 100 डॉलर प्रवेश फी देऊन. पुढच्या वर्षी संघटना काढली आणि 1972 पासून धरलेला मासा जिवंत सोडायची मोहीम धरली. मला यातलं विमावाला हे घेण्यासारखं वाटतं. विमा विकणारा पोस्टर लावून बसत नाही, तो नाव लिहून घेतो, नंबर घेतो आणि परत फोन करतो. आम्ही नेमकं हेच करत नव्हतो.

तर मुख्य काम आहे पहिली सकाळ. सगळा जीव तिथं लावा. माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन माणसाच्या हाताला पहिल्याच सकाळी झटका लागला पाहिजे, मासा चार बोटांचा का असेना. म्हणून त्या दिवशी मोठ्या माशाच्या मागं जायचं नाही. चिलापी म्हणजे तिलापिया मासा जिथं भरपूर आहे असा उथळ काठ निवडायचा. चिलापी मुळात आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणली, आता इतकी पसरली की आपल्या देशी माशांच्या पोटावर पाय देते, त्यामुळे घरी नेऊन तळली तरी मनाला खात नाही. आणि ती गांडुळाला लगेच तोंड लावते. साहित्य पण साधं, बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, बारीक गरी, शिशाचा एक दाणा आणि मोरपिसाच्या काडीचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. रीळ पहिल्या दिवशी अजिबात देऊ नका, अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो आणि माणूस खजील होतो. एका जुन्या मेंबरमागं दोनच नवीन, तिसरा नको. आणि जुन्यानं त्या दिवशी स्वतःची काठी आणायचीच नाही, हे फार महत्त्वाचं, कारण आपली काठी पाण्यात असली की आपलं लक्ष पाहुण्याकडं राहत नाही, कितीही ठरवलं तरी.

एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारीत एक ताई अकरा वर्षांच्या पोराला सोडायला आल्या होत्या. त्या गाडीत बसून राहिल्या, काच वर. आमच्यातले एक काका, रेल्वेतून रिटायर झालेले, ते गाडीपाशी गेले आणि म्हणाले, "ताई, ही काठी धरता का जरा पाच मिनिटं, मी चहा घेऊन येतो." ताई नाइलाजानं उतरल्या, चप्पल चिखलात, ओढणी सावरत, काठी अशी धरलेली जसा काही झाडू. काका मुद्दाम लवकर आलेच नाहीत. तिकडं मोरपिसाची काडी एकदा हलली, मग आडवी झाली, मग सरकत सरकत पाण्याखाली. ताई ओरडल्या, "अहो काका, हे बुडून रायलं, काय करू!" लांबून काका म्हणाले, "काई नाई, उचला." उचलली तर तळहाताएवढी चिलापी उन्हात चमचम करत. त्या बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. पोराला त्या दिवशी एकही मासा लागला नाही, पण पुढच्या रविवारी त्याला ओढत घेऊन आल्या त्या त्याची आईच. आज महिलांचा आठ जणींचा गट त्या सांभाळतात. बायका याव्यात असं वाटत असेल तर जागा निवडताना जवळ स्वच्छतागृह आहे का ते आधी बघा, या एका गोष्टीवर अर्धं अडतं.

वेळेचं म्हणाल तर आपलं ऊन माहीतच आहे, मे महिन्यात 45 च्या आसपास जातं, तेव्हा नवीन माणसाला अकरापर्यंत बसवलं तर तो परत तोंड दाखवणार नाही. साडेपाचला पाण्यावर, आठला आटोपतं, मग सगळे मिळून तर्री पोहे. पोहे टाळू नका, गप्पा तिथंच होतात आणि नाव-नंबर तिथंच लिहून घेता येतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासा सुस्त असतो, टोच येत नाही, तेव्हा नवीन लोकांना बोलावू नका, त्यापेक्षा कोणाच्या गच्चीवर गाठी बांधायला शिकवा. ऑक्टोबरचा शेवट आणि फेब्रुवारी-मार्च हे आमच्याकडं सगळ्यात चांगले.

पावसाळ्यात आम्ही थांबतो. रोहू, कटला, मिरगळ पावसाच्या नव्या पाण्यातच अंडी टाकतात. मरळीची पिल्लं तेव्हा लालसर गोळ्यासारखी एकत्र फिरतात आणि मोठी मरळ त्यांच्याखाली राखण करत असते, तिला धरलं की तो सगळा गोळा दुसऱ्या माशांच्या पोटात. नवीन पोराला हे सांगितलं की त्याला क्लब म्हणजे काय ते कळतं. आणि वीज! विदर्भात विजेचं काय असतं ते सांगायला नको, त्यात कार्बनची काठी म्हणजे वीज वाहणारी वस्तू. ढग गडगडला की काठ्या खाली ठेवून काठ सोडायचा, यात चर्चा नाही.

आईबापांची भीती हा वेगळा विषय. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहरात पाणी शिरलं, ते ज्यांनी बघितलं ते पोराला तलावाकाठी सहजासहजी पाठवत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. आम्ही लहान मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं केलं, सोबत एक पालक पाहिजेच, आणि पोहता येणारे दोन जण त्या सकाळी मासे न धरता नुसते उभे राहतात. हे आधीच फोनवर सांगायचं, विचारायची वाट बघायची नाही.

परवानगीचं काम पण नवीन लोक येण्याआधी करून ठेवा. नागपूर-भंडाऱ्याकडचे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असतात, त्यांनी पैसे भरून बोटुकली म्हणजे माशांची पिल्लं सोडलेली असतात, तिथं आपण न विचारता गरी टाकली तर ती सरळ चोरी झाली. संस्थेच्या लोकांना जाऊन भेटा, काय घ्याल ते विचारा, पावती घ्या. तोतलाडोह धरणाचं तर नाव काढू नका, ते पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथं मासेमारी गुन्हा आहे. एखाद्या नवीन माणसाला पहिल्याच दिवशी वनरक्षकासमोर उभं राहावं लागलं तर तो आणि त्याचे दहा मित्र गेले म्हणून समजा.

आणि संस्थेत गेलात की तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या जुन्या माणसांशी बोला. आम्ही एका आजोबांना मानधन देऊन बोलावलं, त्यांनी काठावर बसून तासभर फक्त एवढंच समजावलं की कटला वरच्या पाण्यात चरते, रोहू मधल्या आणि मिरगळ तळाशी, म्हणून गरी किती खोल सोडायची ते आधी ठरवा. मग त्यांनी शेंगदाण्याची ढेप, कणीक आणि थोडा गूळ मळून गोळा केला आणि सगळ्यांच्या हातावर वास घ्यायला फिरवला. चाळीस वर्षांचं ज्ञान एका गोळ्यात. पोरं नंतर कित्येक दिवस त्यांचंच नाव काढत होती. ज्यांचा पिढ्यानपिढ्या हा धंदा आहे त्यांना गुरू म्हणून मान द्या, मानधन द्या, नुसतं जागा दाखवायला वापरू नका.

सांगायचं कुठं? फ्लेक्सवर पैसे घालवू नका, आम्ही घालवले, एक फोन आला नाही. साहित्याच्या दुकानात काउंटरवर एक छोटा कागद, त्यावर तारीख, जागा, वेळ आणि काठी आम्ही देऊ हे तीन शब्द, यानं जास्त माणसं आली. आमच्या नागपुरात मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना बोलवा, ते माशांबद्दल सांगतील आणि तुम्ही त्यांना गरी शिकवा. 21 नोव्हेंबरला जागतिक मत्स्य दिन असतो, त्या दिवशी काठावरचं प्लास्टिक, तुटलेलं तंगूस, जलकुंभी काढायचा कार्यक्रम ठेवा, मासे न धरणारे लोक पण येतात आणि त्यातला एखादा दुपारी काठी मागतोच.

जीव घेण्याचा प्रश्न काही लोक विचारतात, मनापासून विचारतात, तर त्यांना उडवून लावू नका. सोडायचा मासा कसा सोडतात ते करून दाखवा. गरीचा उलटा काटा पक्कडनं दाबून टाकायचा म्हणजे सहज निघते, हात आधी ओले करायचे म्हणजे अंगावरचा चिकट थर जात नाही, आणि फोटो काढायचाच तर एकच आणि लगेच पाण्यात.

वर्गणीचं थोडक्यात. पहिल्या दोन सकाळी फुकट, काठी क्लबची, तिसऱ्या वेळी वर्गणीचं बोलायचं, आणि विद्यार्थ्यांना निम्मी. हिशोब ग्रुपवर दर महिन्याला टाका. नोंदणी करायची असेल तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यात सात माणसं लागतात, तेवढी कुठल्याही क्लबात निघतात, आणि नोंदणी असली की परवानगी मागायला गेल्यावर फरक पडतो.

शेवटचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं, मंगळवारचा फोन. रविवारी आलेल्या प्रत्येकाला मंगळवारी ज्यानं शिकवलं त्यानंच फोन करायचा, ग्रुपवर मेसेज नाही, फोन. घरी पोचलात का नीट, माशाचं काय केलं, पुढच्या रविवारी मी साडेपाचला तुमच्या चौकातून जातो, घेऊ का सोबत? पहाटे अंधारात एकट्यानं निघायला नवीन माणसाला जड जातं, कोणी हॉर्न वाजवणारं असलं की तो उठतो. आणि तीन-चार वेळा आला की लगेच काहीतरी काम द्या, गांडुळाचा डबा त्याच्याकडं, पोह्यांची मोजदाद त्याच्याकडं.

तो ताईंचा पोरगा आता बारा वर्षांचा आहे. मागच्या रविवारी त्याच्या वर्गातला एक मित्र आला होता, तर हा स्वतःची काठी घरी ठेवून आला आणि दोन तास त्याच्या शेजारी बसून होता, म्हणत होता, "अजून नको उचलू, अजून नको, आता उचल."